दत्ताचा दगड

सरांना जाऊन आता दोन वर्षं झाली. जामबागेत त्यांच्या घराच्या माडीवर मी साडेचार वर्षं भाड्यानं राहिले. खाली सर, वर मी. माझं ऑफिस शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, काचेच्या इमारतींत होतं. तिकडं सोय असताना ही मुलगी कोठीच्या जुन्या बाजाराजवळ खोली का शोधतेय, याचं बरोबरच्यांना नवल वाटायचं. मी पुण्याहून या परप्रांतातल्या शहरात नवीनच आले होते आणि मला मराठी बोलणारं घर हवं होतं, एवढंच.

खोली बघायला गेले तेव्हा सरांनी माझं नाव, गाव, नोकरी यातलं काहीच विचारलं नाही. बिस्किटांच्या एका डब्यातून दोऱ्याची सहा रिळं काढून त्यांनी टेबलावर ओळीनं मांडली आणि म्हणाले, "रंग सांगा."

मी सांगत गेले. तांबडा, हिरवा, करडा, तपकिरी, परत हिरवा, किरमिजी. प्रत्येक रिळाला त्यांनी चिठ्ठी चिकटवली, चिठ्ठीवर रंगाचं नाव लिहिलं आणि डबा बंद केला. मग विचारलं, इंग्रजी टाइप करता येतं का? म्हटलं, येतं. रविवारी सकाळी दोन तास मोकळे असतात का? म्हटलं, असतात. "मग सामान आणा," ते म्हणाले. आईला फोनवर हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, दुसरी जागा बघ.

सर पंच्याहत्तरी ओलांडलेले, उंच, किडकिडीत. आयुष्यभर तिथल्याच एका मराठी शाळेत त्यांनी भूमिती शिकवली. बायको मी येण्याच्या कितीतरी आधी गेली होती, मूलबाळ नव्हतं. ते सगळ्यांना 'तुम्ही' म्हणत. पाचवीतल्या पोराला तुम्ही, भाजीवाल्याला तुम्ही, दारात येऊन बसणाऱ्या कुत्र्यालासुद्धा "तुम्ही आज उशिरा आलात" म्हणत. सदऱ्याच्या खिशात खडूचा तुकडा कायम असे. कोठीतल्या इराण्याकडे बशीत चहा ओतून पिताना कुणी काही विचारलं, तर टेबलाच्या संगमरवरावरच आकृती काढून दाखवत आणि जाताना ती आपल्या रुमालानं पुसून जात.

पहिल्याच रविवारी मला दोन तासांचा अर्थ कळला. सर आरामखुर्चीत बसून मराठीत सांगत, मी ते इंग्रजीत टाइप करायची. अर्ज असायचा. कधी महापालिकेला, कधी कलेक्टरला, कधी हवाई दलाच्या कुठल्या कचेरीला. मजकूर दर वेळी एकच. या भागातला एक मुलगा लढाऊ विमानाचा वैमानिक होता, एकाहत्तरच्या युद्धात तो गेला आणि परत आला नाही, त्याच्या नावाचा दोन फूट बाय तीन फुटांचा एक दगड या भागात कुठंतरी लावावा. सर अर्ज भूमितीच्या रीतीनं सांगत. आधी पक्ष, मग साध्य, मग सिद्धता. "साध्य काय आहे ते नीट लिहा," ते म्हणत. "काय सिद्ध करायचंय हेच माहीत नसेल तर माणूस पानंच्या पानं लिहितो आणि पोचत कुठंच नाही." अशा जुन्या अर्जांच्या प्रतींनी त्यांचं कपाट भरलेलं होतं. माझ्या आधी माडीवर राहून गेलेल्या प्रत्येक भाडेकरूनं ते टाइप केले होते.

त्या वैमानिकाचं नाव दत्ता. सरांचा शाळेतला मित्र. पलीकडच्या गल्लीत त्याचं घर होतं, अजून आहे. युद्धाच्या तिसऱ्या दिवशी तो उडाला, एवढं त्याच्या बरोबरच्यांनी पाहिलं होतं. त्यानंतरचं कुणालाच माहीत नाही. विमान सापडलं नाही, तोही नाही. तार आली त्यात 'बेपत्ता' असा शब्द होता. पुढं कैदी सुटून आले, त्यांच्या यादीत त्याचं नाव नव्हतं.

अर्जात काही शब्दांना सक्त बंदी होती. शहीद नाही, हुतात्मा नाही, वीरमरण तर नाहीच. एकदा मी आपल्या मनानं, वाक्य बरं दिसावं म्हणून, 'देशासाठी प्राण दिले' अशा अर्थाचं काहीतरी घातलं. सरांनी वाचलं आणि म्हणाले, "हे कुणी सिद्ध केलं?" मी खोडलं. 'परत आला नाही', एवढंच लिहायचं.

दगड कुठं लावायचा, त्या जागा सर स्वतः शोधत. टेप घेऊन जात, भिंत मोजत आणि खडूनं तिथं चौकोन काढून ठेवत. जामबाग ते कोठी अशा कितीतरी भिंतींवर मी ते चौकोन पाहिलेत. शाळेच्या कुंपणावर, एका दवाखान्याच्या बाजूला, बंद पडलेल्या छापखान्याच्या दारालगत. मेट्रोच्या कामात त्यांतल्या काही भिंती गेल्या, काही मालकांनी पाडून दुकानं काढली. भिंत पडली की सर दुसरी शोधत. बेगम बाजारात किराणा घ्यायला गेले तरी नजर भिंतींवर. एकदा एका दुकानदारानं त्यांना चौकोन काढताना धरलं आणि घर पाडायला आलेला महापालिकेचा माणूस समजून हात जोडले. सरांनी त्याला अर्धा तास दत्ताबद्दल सांगितलं. त्यानं पाणी दिलं, आणि सर गेल्यावर चौकोन पुसून टाकला.

विमान गेलं तर ते वर बघत नसत. मला वाटायचं, बघतील. एकदा विचारलंसुद्धा. म्हणाले, "वर बघून काय दिसणार? आतले लोक घरी चाललेले असतात."

रिळांचं कारण मला पुष्कळ दिवसांनी कळलं. सरांना तांबडं आणि हिरवं वेगळं दिसत नसे. टोमॅटो पिकलाय का, हे ते भाजीवाल्याला विचारून घेत. सिग्नलला बाकीचे निघाले की निघत. कॉलेज झाल्यावर दोघं मित्र एकत्रच हवाई दलाच्या निवडीला गेले होते. विमानांचं वेड खरं सरांचं. दत्ता सोबत म्हणून गेला होता. सरांना त्यांनी ठिपक्यांची चित्रं दाखवली, ठिपक्यांत आकडा कोणता दिसतो ते विचारलं आणि परत पाठवलं. दत्ता राहिला. "त्याला सगळे आकडे दिसले," सर म्हणाले. हे सांगताना त्यांच्या आवाजात काहीच नव्हतं. बाजारभाव सांगावा तसं त्यांनी सांगितलं.

दत्ताची धाकटी बहीण त्या घरात एकटी राहत होती. सगळे तिला अक्का म्हणत. शिक्षण खात्यात कारकून म्हणून निवृत्त झालेली, लग्न न केलेली. सर आणि अक्का एकमेकांशी बोलत नसत. फार वर्षांपूर्वी सरांनी पहिला अर्ज केला तेव्हा कचेरीनं घरच्यांची संमती मागितली होती. सर कागद घेऊन अक्कांकडे गेले आणि त्या दिवसापासून बोलणं बंद झालं. अक्कांच्या लेखी दत्ता मेलेला नव्हता. सरकारचं 'मृत समजण्यात येत आहे' असं पत्र आलं, तेव्हा त्यांनी पाकीट न फोडता पोस्टमनला परत दिलं होतं. ज्याच्याबद्दल आहे तो आला की तोच उत्तर देईल, असं म्हणाल्या होत्या.

बोलणं बंद, पण सरांकडे टपालानं एक दिवस उशिरा येणारं मराठी वर्तमानपत्र वाचून झालं की ते अक्कांच्या दाराच्या जाळीत खोचून येत. शब्दकोड्यातले आडवे शब्द सोडवलेले असत. दुसऱ्या दिवशी जाळीत तोच अंक परत असे, उभे शब्द भरलेले. माझ्या डोळ्यांदेखत हे साडेतीन वर्षं चाललं, आणि त्याच्या आधी किती, कोण जाणे. गल्लीत लोक या दोघांबद्दल काहीबाही बोलत. मी कधी विचारलं नाही.

एक प्रसंग शाळेतला. स्वातंत्र्यदिनाला शाळेच्या मंडळींनी दत्ताचा एक जुना फोटो मिळवून, मोठा करून व्यासपीठावर ठेवला आणि त्याला झेंडूचा हार घातला. सरांना मानानं पुढं बसवलं होतं. भाषण चालू असताना सर उठले, पायऱ्या चढून वर गेले, फोटोचा हार काढला, घडी करून टेबलावर ठेवला आणि खाली येऊन बसले. बोलणाऱ्या पाहुण्यांचं वाक्य अर्ध्यावर राहिलं. नंतर हेडमास्तरीणबाई रागावून म्हणाल्या, तुम्हीच तर त्याच्या आठवणीसाठी जन्मभर धडपडताय. सर म्हणाले, "धडपडतोय. त्याच्या बहिणीला विचारलंत का?"

घरी येताना मी म्हटलं, दगड चालतो आणि हार चालत नाही, हे मला कळत नाही. सर म्हणाले, दगडावर नुसतं लिहिता येतं, की हा इथला. हार घातला की प्रश्न संपला.

मला राहून तीन वर्षं झाली असतील तेव्हा निवडणूक जवळ आली. आणि जे इतक्या वर्षांत झालं नव्हतं ते एकदम व्हायला लागलं. नगरसेवकाच्या कचेरीतून बोलावणं आलं. मी सरांबरोबर गेले. तिथल्या माणसानं चहा मागवला, अर्ज वरवर चाळला आणि म्हणाला, "मास्टरसाब, पत्थर लगाने कू कुछ दिक्कत नै. चौरस्ते पे लगाएंगे, बडा प्रोग्राम करेंगे. बस फ्यामिली की एक दस्तखत होना. कोई तो होंगे ना घर में?"

"एक बहीण आहेत," सर मराठीतच म्हणाले. त्याला ते कळलं.

सरांनी मला अक्कांकडे पाठवलं. म्हणाले, तुम्ही परक्या आहात, तुमच्याशी बोलतील.

अक्का ठेंगण्या, गोऱ्या, केस पांढरेशुभ्र. त्यांनी मला आत घेतलं. त्याच वेळी घरोघरी फिरणारा एक सर्वेवाला मोठा फॉर्म घेऊन दारात उभा होता, त्यामुळे मला थांबावं लागलं. घर में कितने लोगां, त्यानं विचारलं. दोन, अक्का म्हणाल्या. स्वतःचं नाव आणि वय सांगितलं. मग दत्ताचं पूर्ण नाव सांगितलं आणि वय सांगितलं, अठ्ठ्याहत्तर. किधर हैं, म्हणून त्यानं विचारलं. "बाहर गाँव गए," अक्का म्हणाल्या. त्यानं लिहून घेतलं आणि निघून गेला.

मी कागदाचं बोलले. त्यांनी शांतपणे ऐकलं. "सही नक्को," म्हणाल्या. "तो तिकडं कुठंतरी तुरुंगात आहे. लहानपणापासून हट्टी. मास्तरांनी छड्या मारल्या तरी नाव सांगायचा नाही कुणाचं. तिथंही स्वतःचं नाव सांगितलं नसणार, म्हणून यादीत आलं नाही. म्हातारा झाला असेल. पण आहे."

मी उठले तेव्हा त्या दारापर्यंत आल्या. "त्याला सांग, अर्ज थांबवू नकोस," म्हणाल्या. "दत्ताचं नाव घेणारं या शहरात दुसरं राहिलंय कोण?"

सरांना मी जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि त्या आठवड्यात पुन्हा विषय काढला नाही. मला वाटलं, संपलं. पण नगरसेवकाच्या माणसानं दगडावरचा मजकूर आधीच तयार करून माझ्या फोनवर पाठवला होता. रविवारी मी तो सरांना वाचून दाखवला. नाव, हुद्दा, युद्धाचं वर्ष आणि नावाच्या आधी 'निर्भय वीर'.

"परत वाचा," सर म्हणाले.

मी परत वाचलं. 'निर्भय' या शब्दावर त्यांनी हात वर केला. मग उठले, वहाणा घातल्या. कुठं निघालात, विचारलं तर म्हणाले, तिच्याकडे. चला, तुम्हीही चला. कागद घेऊ का, मी विचारलं. घ्यायचा तर घ्या म्हणाले. होळीच्या आधीचा आठवडा होता, साडेदहा-अकराची वेळ, ऊन चढलेलं.

अक्कांनी दार उघडलं आणि सरांना बघून क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. मग बाजूला झाल्या. सर आत जाऊन लाकडी बाकावर बसले, जणू कालच येऊन गेले होते. कुणी पाणी विचारलं नाही.

"दगडावर निर्भय लिहिणार आहेत," सर म्हणाले.

"मग? होताच," अक्का म्हणाल्या.

"नव्हता. तुला आज सांगायला आलोय." आयुष्यात त्यांना कुणाला 'तू' म्हणताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. "शेवटचा सुट्टीवर आला होता ना, दिवाळीत. आमच्या गच्चीवर बसलो होतो. त्याला सिगरेट धरवत नव्हती. म्हणाला, मला हे जमत नाही रे. विमानात बसलो की भीती वाटते. रात्र रात्र झोप नाही. जमिनीवरचं कसलंही काम देऊ देत, करीन. तू मला एक अर्ज लिहून दे. तुझं इंग्रजी चांगलं आहे."

अक्का भिंतीला टेकून उभ्या होत्या. "मग?"

"मी लिहिला नाही."

"का?"

"म्हटलं, लाज वाटत नाही? मला ते डोळे मिळाले असते तर मी काय केलं असतं, तुला कळतं का? इथं लोकांना काय तोंड दाखवशील, म्हटलं. आणखी पुष्कळ बोललो. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, बरं. दुसऱ्या दिवशी गाडीत बसला."

"आम्हाला तर म्हणाला, सगळं मजेत आहे."

"तुम्हाला तसंच सांगायचं, असं मीच म्हटलं होतं त्याला."

अक्का खाली बसल्या. त्यांनी विचारलं, रडला होता का. सर म्हणाले, हो. किती वेळ? रस्त्यावरून एक भाजीची गाडी ओरडत गेली. मला वाटत होतं, आता त्या ओरडतील, सरांना घराबाहेर काढतील. मी दाराजवळ सरकले होते.

अक्का बोलल्या तेव्हा आवाज अगदी साधा होता, हिशेब लावत असल्यासारखा. "मला वाटायचं, नाव सांगत नसेल, म्हणून यादीत नाही. पण घाबरलेलं पोर ते. त्यानं तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं. नाव, गाव, आईचं नाव, सगळं सांगितलं असतं. धरला असता, तर यादीत आला असता." त्या थांबल्या. "म्हणजे धरलाच नाही त्याला कुणी. तो तेव्हाच गेला."

"अक्का," सर म्हणाले.

"दे गं तो कागद."

मी सरांकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. मी कागद दिला. अक्कांनी चष्मा लावला, सगळा मजकूर ओळीवर बोट ठेवून वाचला, खाली सही केली आणि सहीच्या खाली तारीख घातली. कागद माझ्या हातात देऊन त्या उठल्या.

"आता तुम्ही दोघं जा," त्या म्हणाल्या. "मला अंघोळ करायचीय."

इतक्या उशिरा अंघोळ, असं माझ्या मनात आलं आणि तिथंच राहिलं. घरी पोचल्यावर सर सरळ आत गेले आणि न्हाणीघरात बादली भरल्याचा आवाज आला. सकाळी सहाला त्यांची अंघोळ झालेली होती. तेव्हा मला कळलं. मी जिन्यात थोडा वेळ उभी राहिले, मग वर जाऊन डोक्यावरून पाणी घेतलं. मी त्या माणसाला कधी पाहिलंही नव्हतं.

संध्याकाळी मी सरांना विचारलं, तुम्ही हे सगळं सहीसाठी सांगितलंत का. म्हणाले, नाही, सही मागायचीच नाही असं ठरवून गेलो होतो. मग म्हणाले, तिला एवढंच कळावं असं वाटत होतं, की तो घाबरला होता आणि तरी गेला. तिनं त्यातून काय सिद्ध केलं, ते तुम्ही ऐकलंत.

सरांनी 'निर्भय' शब्द खोडून मजकूर पाठवला होता. दगडावर तो शब्द आलाच, तीन भाषांत, सोनेरी अक्षरांत. मराठी त्यांत नव्हती. खाली नगरसेवकाचं नाव दत्ताच्या नावाहून मोठं होतं. कार्यक्रमाला बँड होता, शाळेची मुलं हातात कागदी झेंडे घेऊन दोन तास उन्हात उभी होती. अक्का आल्या नाहीत. सरांना शाल दिली आणि दोन शब्द बोलायला सांगितलं. सरांनी माइक हातात घेतला आणि दक्खनीत, सगळ्यांना कळेल असं, सावकाश म्हणाले, "दत्ता डरता था. मेरेकू बोला था, डर लगता बोलके. मैं उसकू वापस भेजा."

मागं टाळ्या झाल्या. सूत्रसंचालकानं माइक काढून घेतला आणि म्हणाला, मास्टरसाब जरा जज़्बाती हो गए. बँड सुरू झाला. सर शाल हातात धरून खाली उतरले आणि मी त्यांना गर्दीतून बाहेर काढलं. त्यानंतर त्या चौकातून ते गेले नाहीत. कोठीला जायचं तर लांबच्या रस्त्यानं जात.

रविवारचं काम संपलं. पहिल्या रविवारी मी सवयीनं लॅपटॉप घेऊन खाली गेले, तर म्हणाले, आता काही लिहायचं नाही, तुम्ही झोपत जा. खडू खिशात असायचा, बाहेर निघत नसे. इराण्याकडे बशीत ओतलेला चहा निवून जायचा.

अक्कांकडे वर्तमानपत्र जात राहिलं. पण परत येणाऱ्या अंकात उभ्या घरांत काही नसायचं. एक-दोनदा पहिलं अक्षर तेवढं लिहिलेलं दिसलं. सरांनी आडवे शब्द भरणं थांबवलं नाही. मी मधूनमधून अक्कांकडे डोकावायची. दिवसा सताड उघडं असणारं दार त्या आता लावून घेत. एकदा म्हणाल्या, मला आता घर मोठं पडतं. जेवण कमी केलं होतं. डॉक्टरांकडे चला म्हटलं, तर हसल्या. कशानं आजारी आहे म्हणून सांगू, असं विचारलं.

गणपतीच्या आधी एके दिवशी सकाळी सरांनी मला हाक मारली. कालचा अंक जाळीत तसाच होता. शेजारच्यांनी मिळून दार उघडलं. अक्का पलंगावर होत्या, कुशीवर, झोपेतच गेलेल्या. एक लांबचा भाचा परदेशात होता, त्याला फोन लागला. तो म्हणाला, तुम्हीच उरकून घ्या.

मुसी नदीकाठच्या स्मशानात सरांनीच सगळं केलं. मडकं खांद्यावर घेऊन त्यांनी तीन फेऱ्या घातल्या, तेव्हा मी मागून हात धरायला गेले, तर नको म्हणाले. अग्नी दिल्यावर कचेरीत नोंद करायची होती. एक तरुण कारकून रजिस्टर उघडून बसला होता. अक्कांचं नाव, वय, पत्ता मी सांगितला. मग त्यानं सरांकडे बघून विचारलं, आप कौन होते मय्यत के?

"पडोसी," सर म्हणाले.

पडोसी नै चलता, तो म्हणाला. घर का कोई होना. शौहर? नाही. बच्चे? नाही. भाई-बहन कोई?

"एक भाई थे," सर म्हणाले.

"थे मतलब?"

"गुज़र गए."

हे दोन शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. कारकुनानं मान खालीच ठेवून पुढचा रकाना बघितला.

"कब गुज़रे?"

सरांच्या अंगावर ओलं धोतर होतं, हातांना काजळी लागलेली होती. त्यांनी उत्तर द्यायला वेळ घेतला नाही.

"इसी साल," ते म्हणाले. "होली के पहले."

त्यानं ते लिहून घेतलं.